खोकला आपल्या पाचवीला पुजलेला नाही

जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर राहू द्या जरा वेळ. ज्या शेतात असतील त्यांनी बांधावर सावलीला बसा, दोन घोट पाणी प्या आणि मोबाइलचा आवाज थोडा वाढवा.

थंडी पडल्यापासून तुमचे फोन येताहेत आणि प्रश्न बहुतेक एकच असतो : "ताई, छाती साफ करायला एखादा चांगला काढा सांगा." काढ्याबद्दल आम्ही सांगणारच आहोत. पण त्याआधी आमच्याच गटातली एक गोष्ट सांगायची आहे. सांगताना थोडी लाज वाटते, कारण चूक आमची आहे.

आमच्या गटात एक अक्का आहेत. त्यांना विचारूनच सांगतोय, नाव मात्र घेत नाही. वय साठीच्या जवळपास. एकादशीच्या भजनात पहिली ओळ अक्कांनीच उचलायची, हे ठरलेलं. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांचा आवाज मध्येच तुटायला लागला. ओळ अर्ध्यावर आली की टाळ खाली ठेवायच्या आणि खोकायच्या. आम्ही पुढची ओळ उचलायचो, भजन चालू राहायचं. सकाळी परसात अर्धा-अर्धा तास त्यांचा खोकला ऐकू यायचा. ओढ्याकडून वर येताना दोनदा टेकायच्या. सगळे म्हणायचे, वय झालं. अक्काही म्हणायच्या, "खोकला काय, आपल्या पाचवीलाच पुजलेला."

आम्ही काय केलं? जिला जे ठाऊक ते तिनं केलं. एकीनं अडुळशाचा काढा दिला, दुसरीनं आलं-मध, तिसरीनं छातीला कोमट तेल लावून शेक दिला. चौथीनं दही, केळी, पेरू, ताक सगळं बंद करायला लावलं. असे दोन हिवाळे गेले. खोकला कधी कमी, कधी जास्त. आम्हाला वाटायचं, आपण किती करतोय अक्कांचं.

एका रात्री त्यांना आडवंच होता येईना. ज्वारीच्या पोत्याला टेकून रात्रभर बसून राहिल्या. पहाटे ओठ काळे-निळे दिसायला लागले तेव्हा १०८ ला फोन केला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मावशी, बिडी ओढता का?" अक्कांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आयुष्यात बिडीला हात नाही लावला."

बरं वाटल्यावर त्यांची एक तपासणी केली. एका नळीत जोरानं फुंकायचं आणि छातीतला वारा किती वेगानं बाहेर येतो ते यंत्र मोजतं. डॉक्टरांनी मग दुसरा प्रश्न विचारला, "चुलीपुढं किती वर्षं काढली?" अक्कांनी बोटं मोजली. लग्न होऊन आल्यापासून चाळीसच्या वर वर्षं. घरात दहा माणसं, वर कारखान्याच्या हंगामात मजुरांच्या भाकऱ्या थापून द्यायच्या, त्या वेगळ्या. डॉक्टर म्हणाले, "बिडी नाही ओढलीत, पण धूर मात्र तुम्हीच ओढलात." आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, सीओपीडी. म्हणजे श्वासाच्या नळ्या सुजून कायमच्या अरुंद होणं आणि फुफ्फुसातल्या बारीक पिशव्या फाटणं. पुढे ते जे म्हणाले ते आमच्या डोक्यातून जात नाही. "जे गेलं ते परत येणार नाही. उरलं ते सांभाळू. दोन वर्षं आधी आला असता तर जास्त उरलं असतं."

ती दोन वर्षं आमच्या काढ्यांत गेली. म्हणून आजचं बोलणं.

आधी आपली छाती चालते कशी ते बघू. झाड उलटं धरलं तर कसं दिसेल? खोड वर, फांद्या खाली. आपली श्वासनळी म्हणजे खोड. तिला दोन फांद्या फुटतात, एक उजव्या फुफ्फुसात, एक डाव्या. त्यांना आणखी फांद्या, डहाळ्या, आणि टोकाला पानांऐवजी हवेच्या बारीक पिशव्या. अशा पिशव्या कोट्यवधी असतात. हवेतला प्राणवायू तिथूनच रक्तात शिरतो. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाला एकवीस हजारांच्या वर श्वास होतात. भाकरी आपण दोन वेळा खातो, पण हवा एकवीस हजार वेळा आत घेतो. पीठ चाळून घेतो, पाणी गाळून घेतो. हवा मात्र आहे तशीच.

गाळायची सोय शरीरानं केली आहे. नाकातले केस मोठी धूळ अडवतात. श्वासनळीला आतून चिकट ओलावा असतो, त्यात बारीक कण अडकतात. तिथं डोळ्याला न दिसणारी लव असते. ती सारखी हलत असते आणि केरसुणीनं लोटावं तशी घाण वर घशाकडं लोटत असते. धूर रोज आत गेला की ही लव दमते, झडते. मग बेडका आतच साचतो आणि तो काढायला खोकावं लागतं. सकाळचा खोकला म्हणजे रात्रभर तुंबलेली गटार उपसणं. आणि धुरातले सगळ्यात बारीक कण तर कशालाच अडकत नाहीत, थेट टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातात. पदर नाकाला लावला तरी हे कण सुती कापडातून आरपार जातात. पदरानं डोळ्यांना थोडं बरं वाटतं, छाती वाचत नाही.

चुलीच्या धुराकडं जगानं उशिरा पाहिलं. कर्क स्मिथ नावाचे अमेरिकेतले शास्त्रज्ञ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत आले. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर मोजलं. तोपर्यंत प्रदूषण म्हणजे शहरातल्या गिरण्यांची धुराडी, असंच सगळे समजत होते. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त मुलं होती. चुलीजवळ कोण असतं? आई, आणि आईच्या मांडीवर मूल.

तर मैत्रिणींनो, छातीसाठी पहिला घरगुती उपाय स्वयंपाकघरात आहे. तो प्यायचा नाही, करायचा आहे.

ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांनी तो पाहुण्यांच्या चहापुरता ठेवू नका. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, आपल्यापैकी अनेकींच्या घरी शेगडी आली. पण टाकी भरून आणणं परवडत नाही, म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी-आमटी, आंघोळीचं पाणी चुलीवर, असं चालतं. तुमची अडचण आम्हाला कळते, आमच्याही घरी तीच आहे. म्हणून आम्ही गटात बसून एक हिशेब केला : टाकी एकच पुरवायची असेल तर ती कुठं वापरायची? पावसाळ्यात. तेव्हा सरपण ओलं असतं, दारं-खिडक्या बंद असतात आणि धूर घरातच कोंडतो. घरात बाळंतीण, गरोदर सून किंवा तान्हं मूल असेल तर त्या महिन्यांत गॅसच. धुरातला विषारी वायू आईच्या रक्तातला प्राणवायू कमी करतो, आणि धुरात राहणाऱ्या आईचं बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. घरातल्या पुरुषमंडळींना हे सांगा. टाकीचे पैसे खर्चात धरताना दवाखान्याचे पैसेही समोर मांडा. अक्कांच्या त्या एका आठवड्यात जाणं-येणं, औषधं, बुडालेली मजुरी धरून जे गेलं, त्यात वर्षभराच्या टाक्या आल्या असत्या.

चूल वापरायचीच असेल तर ती अशी वापरा.

आंघोळीच्या पाण्याची चूल किंवा बंब घराबाहेर मांडा. वर पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. स्वयंपाकाची चूलही उन्हाळ्यात आणि थंडीत पडवीत नेता आली तर न्या.

चूल आतच असेल तर धूर जायला वर वाट हवी. एकच खिडकी पुरत नाही. समोरासमोर दोन झरोके असतील तर वारा वाहतो. छपराचं एखादं कौल उचलून ठेवलं तरी फरक पडतो. जुन्या बायांना निर्धूर चूल आठवत असेल. १९८३ साली सरकारनं तिचा देशभर कार्यक्रम सुरू केला होता आणि आपल्याकडंही घरोघरी ती बसली होती. बऱ्याच ठिकाणी धुराड्याच्या नळात काजळी साचली, कुणी साफ केली नाही, धूर उलटा घरात यायला लागला आणि बायांनी नळ काढून टाकला. धुराडं असेल तर महिन्यातून एकदा काठीला चिंधी बांधून आतून झाडा. तेव्हा तोंडाला कापड बांधा आणि मुलांना लांब ठेवा.

सरपण वाळलेलं आणि बारीक फोडलेलं घ्या. ओल्या लाकडातलं पाणी आधी आटतं, तोवर नुसता धूर. पाऊस सुरू होण्याआधी महिनाभराचं सरपण, तुराट्या, गोवऱ्या छपराखाली रचून ठेवा. गोवरीचा धूर लाकडापेक्षा जास्त, हे लक्षात ठेवा.

चूल पेटवताना प्लॅस्टिकची पिशवी, जुनी चप्पल, टायरचा तुकडा घालू नका. पटकन पेट घेतं हे खरं, पण त्याचा काळा धूर लाकडाच्या धुरापेक्षा विषारी असतो, आणि तो आपण तोंड खाली करून, फुंकणी लावून, अगदी जवळून ओढतो. वाळलेला पालापाचोळा, पऱ्हाटीच्या काड्या, नारळाची शेंडी वापरा.

सगळ्यात जास्त धूर चूल पेटताना आणि विझताना होतो. पेटवून झाली की दोन मिनिटं बाहेर या. डाळ-कडधान्य भिजवून ठेवा, भांड्यावर झाकण ठेवा, कुकर असेल तर वापरा. चूल जितका कमी वेळ पेटेल तितका कमी धूर. आणि मुलांचा अभ्यास चुलीच्या उजेडात-उबेत नको.

चुलीनंतर बाकीचे धूर. घरात बिडी-सिगारेट नको. "मी दारात उभा राहून ओढतो" हेही नको, दारातला धूर आतच येतो. आता थोडं आपल्याबद्दल बोलू. मिश्री. तव्यावर तंबाखू भाजताना घरभर ठसका उठतो, तो नातवंडांच्याही छातीत जातो. पुढं ती दाताला लावली की तंबाखू ती तंबाखूच : तोंडाला घातक आणि पोटातल्या बाळालाही. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत. नवऱ्याच्या बिडीसाठीही तोच नंबर चालतो. आमच्यातल्या दोघींनी मिश्री सोडली. पहिले पंधरा दिवस डोकं धरलं, चिडचिड झाली. दोघींनी एकमेकींना सांगून सोडली म्हणून जमलं, असं त्या सांगतात.

थंडीत खोलीत शेगडी ठेवून, दार लावून झोपू नका. विस्तवाला धूर दिसत नाही, पण त्यातून वास नसलेला विषारी वायू येतो. माणूस झोपेतच जातो. बाळंतिणीच्या खोलीत तर अजिबात नको. डासांची अगरबत्ती बंद खोलीत रात्रभर जाळण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. अंगणातला कचरा, प्लॅस्टिक, उसाचं पाचट जाळू नका. पाचट शेतात कुजवलं तर जमिनीलाच खत होतं.

आता एक नाजूक गोष्ट. बाळाला न्हाऊ घातलं की ओवा, लसणाची सालं, धूप विस्तवावर टाकून धुरी द्यायची आपल्याकडं पद्धत आहे. आपल्याही आजीनं आपल्याला दिली. तिच्या मायेबद्दल शंका नाही. पण बाळाची श्वासनळी काडीएवढी बारीक असते. धूर त्या नळीला सूज आणतो. बाळाला ऊब हवी असते, धूर नको. कोरड्या सुती कापडात गुंडाळा, डोक्याला टोपडं घाला, आईच्या छातीशी धरा. तसंच बाळाच्या नाकात तेल सोडू नका. ते तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. सासूबाई ऐकत नसतील तर आशाताईंना घरी बोलवा आणि त्यांच्या तोंडून सांगा. सुनेनं सांगितलं की भांडण होतं, आशाताईंनी सांगितलं की सल्ला होतो.

धुळीचं थोडक्यात सांगतो. मळणी, धान्य उफणणं, कडबा-भुसकट भरणं या कामांत नाका-तोंडाला घट्ट बसणारा मास्क लावा. कोरोनातले पडून असतील ते काढा. वाऱ्याकडं पाठ करून उभ्या राहा. बुरशी आलेला कडबा कोरडा झटकू नका, आधी पाणी शिंपडा. झाडतानाही आधी पाण्याचा सडा.

आता तुमचा काढा. आम्ही एकेक वस्तू घेऊन खरं काय ते सांगतो. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो : फुफ्फुस धुऊन काढेल असा काढा नाही. आपण पितो ते पोटात जातं, फुफ्फुसात जात नाही. काढ्यानं घसा शेकतो, बेडका पातळ व्हायला मदत होते, झोप लागते. साध्या सर्दी-खोकल्यात तेवढंच हवं असतं. तेवढ्यासाठी तो चांगलाच आहे.

कोमट पाणी घोट-घोट पिणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. दिवसभर पाणी पुरेसं प्यालं तर बेडका घट्ट होत नाही. शेतात जागा नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही, ती सवय छातीलाही वाईट.

झोपताना एक चमचा मध खोकल्याला आराम देतो. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. त्यातून बाळाला जिवावर बेतणारी बाधा होऊ शकते.

अडुळसा तर आपल्या कुंपणाला असतो. त्याच्या पानांतल्या द्रव्यावरून बेडका पातळ करणारं एक औषध तयार झालं आहे, ते दवाखान्यात आजही देतात. म्हणजे आजीचं ज्ञान पोकळ नव्हतं. पण गरोदर बाईनं अडुळसा घेऊ नये. ज्येष्ठमध घशाला बरं, पण रक्तदाब असणाऱ्यांनी रोज घेऊ नये, त्यानं दाब वाढतो. हळद घातलेलं दूध, आल्याचा चहा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांनी घशाला आराम पडतो, खुशाल घ्या.

वाफ घेतली तर नाक मोकळं होतं. पण उकळतं भांडं मुलाच्या पुढ्यात ठेवू नका. वाफेपेक्षा भाजल्याच्याच केसेस दवाखान्यात जास्त जातील. मुलांच्या नाकाला किंवा छातीला कापूर चोळू नका, चाटवू तर मुळीच नका. तो लहान मुलाला विषासारखा असतो.

आणि पथ्य. खोकला झाला की केळं बंद, दही बंद, पेरू बंद, अंडं उष्ण म्हणून तेही बंद. मग माणसानं खायचं काय? श्वास घेणं हेही स्नायूंचं काम आहे आणि स्नायूंना ताकद लागते. खोकला असलेल्या माणसाला डाळ, अंडं, शेंगदाणे, दूध, पालेभाजी, हंगामातलं फळ, सगळं द्या. एखादी वस्तू खाल्ली की तिलाच त्रास होतो असं दिसलं, तर तेवढीच टाळा. आम्ही अक्कांचं खाणं तोडलं आणि त्यांना आणखी खंगवलं.

आता थोडं करून बघू. जिथं आहात तिथं ताठ बसा, खांदे सैल सोडा. तोंड मिटून नाकानं श्वास आत घ्या, मनात एक, दोन म्हणा. आता फुंकणीला लावतो तसा ओठांचा चंबू करा आणि हळूच फुंकत श्वास सोडा. एक, दोन, तीन, चार. जोर नको. पुन्हा एकदा. आत एक, दोन. बाहेर एक, दोन, तीन, चार. अशा फुंकण्यानं नळ्या जास्त वेळ उघड्या राहतात आणि आत अडकलेली शिळी हवा बाहेर पडते. ज्यांना दम लागतो त्यांनी दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं करा. हंडा उचलायच्या आधी श्वास घ्या आणि उचलताना सोडा. चढावर दम लागला तर उभ्यानं धापा टाकू नका. बसा, जरा पुढं वाका, कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि असंच फुंका. रोज थोडं चाला. ज्यांना दम लागतो, हृदयाचा त्रास आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी कपालभाती करू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वहीत लिहून घ्या, नाहीतर लेकीला लिहायला सांगा. काढा बाजूला ठेवून दवाखाना कधी गाठायचा?

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर बेडक्याची तपासणी करा. सोबत बारीक ताप, रात्री घाम, वजन कमी होणं असेल तर एक दिवसही थांबू नका. तो क्षय असू शकतो. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे, औषधं फुकट आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी महिन्याला एक हजार रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. क्षय पूर्ण औषधं घेतली की बरा होतो. लपवला की घरभर पसरतो. सुनेला क्षय झाला म्हणून माहेरी धाडणाऱ्या घरांना आपण गटानं जाऊन समजवायला हवं. बेडक्यात रक्त दिसलं, छातीत दुखलं, ओठ-नखं निळी पडली, बोलताना वाक्य पुरं करता येईना, आडवं होता येईना, तर थेट १०८.

लहान मुलाचा श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना त्याचं पोट उघडं करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल पीत नसेल, सुस्त असेल, तर त्याच वेळी निघा. "पोट उडतंय" म्हणून डाग देऊ नका, अंगारा लावत बसू नका. न्यूमोनियाची लस सरकारी लसीकरणात फुकट मिळते : दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिन्यांना. बाळाचं कार्ड काढून बघा.

चालताना बरोबरीच्या बाया पुढं जातात आणि तुम्हालाच थांबावं लागतं, वर्षातून तीन-तीन महिने खोकला राहतो, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो, तर ती फुंकण्याची तपासणी करायला सांगा. डॉक्टरांनी बिडीबद्दल विचारलं नाही तरी तुम्ही सांगा, "मी इतकी वर्षं चुलीपुढं बसते." हे सांगायला विसरू नका. आपण सांगितल्याशिवाय ते त्यांना कळणार कसं?

आणि पंप दिला तर घाबरू नका. "एकदा पंप लागला की सुटत नाही", "पंप म्हणजे शेवटची पायरी" असं गावात बोलतात. पंपातलं औषध सरळ नळ्यांत जातं, म्हणून ते अगदी थोडं पुरतं. गोळी पोटातून सगळ्या अंगभर फिरते. पंप ओढायचा कसा ते दवाखान्यात दोनदा करून दाखवायला सांगा, घरी आल्यावर कुणासमोर तरी करून बघा. रोजच्या पंपानंतर पाण्यानं चूळ भरा. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका.

अक्का आता बऱ्या आहेत, पण पूर्वीसारख्या नाहीत. खोटं सांगणार नाही. पंप त्यांच्या बटव्यात असतो, सुपारीच्या जागी. सुनेनं चूल पडवीत नेली आहे. ओढ्याचा चढ त्या अजून एकदा बसूनच चढतात. भजनात पहिली ओळ आता त्यांची नात उचलते. अक्का शेजारी बसून टाळ धरतात आणि मधली एखादी ओळ म्हणतात. ती ओळ पुरी होते. पण त्यांची पहिली ओळ आम्हाला परत मिळाली नाही.

म्हणून या आठवड्याच्या बचतगटाच्या बैठकीत हप्ता गोळा करून झाला की एक काम करा. एकमेकींना विचारा : कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे? कुणाला चढावर थांबावं लागतं? कुणाच्या घरात धूर कोंडतो? हात वर करायला लाजणाऱ्या असतीलच, त्यांच्या शेजारणीनं करावा. जिचा हात वर होईल तिच्याबरोबर गटातल्या दोघींनी दवाखान्यात जायचं. एकटीला पाठवायचं नाही, एकटी ती जात नाही. काढा प्यायचा असेल तर तो आल्यावर सगळ्यांनी मिळून पिऊ.

घरी गेल्यावर चुलीवरचा एक झरोका उघडा. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.